लोटा, ठोकळा आणि पुठ्ठा

वस्तूचा आराखडा कागदावर सुबक उतरला की रचनाकाराचे निम्मे काम झाले, अशी आपली समजूत असते. ही समजूत जरा तपासून पाहण्याजोगी आहे.

१९५८ साली चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल सादर केला. त्यातूनच पुढे १९६१ साली अहमदाबादेस नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन ही संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी गौरव केला तो आपल्या साध्या लोट्याचा! त्यात पाणी किती मावावे, तो वाहून न्यावा कमरेवर की डोक्यावर, भरलेला आणि रिकामा असता त्याचा तोल कसा राहतो, ओतण्यास, घासण्यास तो कसा पडतो, असे प्रश्न त्यांनी मांडले. यांतील कितींची उत्तरे रेखाचित्र देईल? ओबडधोबड का होईना, एक लोटा घडवून पाण्याने भरला, की उत्तर आपले मनगटच देते.

रेखाटन निरुपयोगी आहे असे नव्हे. पण ते भराभर आणि पुष्कळ हवे, म्हणजे पहिल्याच कल्पनेच्या मोहातून मन सुटते. आपल्या शाळांतून मात्र गुण मिळतात ते खाडाखोड नसलेल्या कागदाला.

अमेरिकेतील जेफ हॉकिन्स यांनी खिशात मावणारा संगणक योजिला, तेव्हा यंत्र तयार होण्यापूर्वीच त्यांनी त्या मापाचा लाकडी ठोकळा करून खिशात बाळगला. भेटीची वेळ ठरवायची झाली, की ठोकळा बाहेर काढून त्यावर काडीने लिहिल्याचा अभिनय करावयाचा. पाहणारांना काय वाटले असेल ते असो. पण यंत्र कशासाठी, किती वेळा खिशातून काढावे लागते, हे त्यांना जवळजवळ विनाखर्च कळले. १९९६ साली ते यंत्र ‘पायलट’ या नावाने बाजारात आले.

आता त्रिमिती मुद्रणयंत्रे थरावर थर चढवून काही तासांत नमुना हाती देतात. सोय मोठीच. तरीही विद्यार्थ्याकडून पहिले दोन नमुने मी पुठ्ठ्याचेच करवीन. पुठ्ठ्याचा नमुना हाती घेऊन घरातली आजी, “ही मूठ माझ्या हाताला येत नाही रे,” असे बेधडक सांगते; चकचकीत नमुना पाहिला, की “छान आहे हो,” म्हणून गप्प बसते.