फांट की काढा? : चहाच्या चवीसंबंधी काही विचार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत तात्यापारा, रायपूर येथे दिलेले व्याख्यान)



संतवाङ्मय, नाट्यसंगीत, भोसलेकालीन छत्तीसगड अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत चहासारखा विषय येऊन बसावा, हे काही श्रोत्यांना रुचले नसेल. परंतु मंडळाच्या पन्नास वर्षांच्या कार्यवृत्तांतून नजर फिरवली, तर 'चहापानानंतर सभा समाप्त झाली' या वाक्याइतके निष्ठेने पुनःपुन्हा येणारे दुसरे वाक्य बहुधा सापडणार नाही. जी वस्तू आपल्या प्रत्येक सभेचे भरतवाक्य होऊन बसली आहे, तिच्या चवीविषयी मात्र आपण 'गोड झाला', 'कडक झाला', 'पाणचट झाला' या तीन शेऱ्यांपलीकडे कधी गेलो नाही. आज तेवढे पलीकडे जावे, असा विचार आहे.

मराठी माणसाने चहावर वाद घातला नाही असे मात्र नाही. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली आणि सभेनंतर उपस्थितांपुढे चहा व बिस्किटे आली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांनी पुढे हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रातून प्रसिद्ध करविली. त्यांत लोकमान्य टिळकांचे नाव होते, न्यायमूर्ती रानड्यांचेही होते. ग्रामण्य झाले, शंकराचार्यांनी चौकशीसाठी शास्त्र्यांची नेमणूक केली, प्रायश्चित्ते झाली. कोणी चहा प्यायला होता, कोणी कपाला नुसता हात लावला होता. चर्चा सारी झाली ती चहा कोणाच्या हातचा होता याची. हा 'हातचा' शब्द लक्षात ठेवावा, अशी विनंती आहे; त्याकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

प्रथम नावाचा गोंधळ दूर करू. चहाचे झुडूप एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. काळा चहा, हिरवा चहा, पांढरा चहा, ऊलाँग हे सारे त्याच झुडपाच्या पानांचे प्रकार होत. भेद पडतो तो तोडणीनंतरच्या संस्कारांनी. पान चुरडून हवेवर ठेवले की ते काळवंडते व त्याचा काळा चहा होतो. तोडल्याबरोबर उष्णतेने ही क्रिया थांबवली की हिरवा राहतो. या हिशेबाने आपला गवती चहा हा चहाच नव्हे. ते एक सुवासिक गवत आहे. लिंबाच्या सालीत जे सिट्राल नावाचे द्रव्य असते तेच त्याच्या पातीत असते, म्हणून त्याला लिंबाचा वास येतो. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने स्पष्ट केले, की ज्या मालात या झुडपाचे पान नाही त्याच्या वेष्टनावर 'चहा' हा शब्द छापता येणार नाही. बाजारात शेवग्याच्या पाल्यापासून जास्वंदीच्या पाकळीपर्यंत सगळेच 'टी' या नावाने खपत असल्यामुळे ते योग्यच झाले. मात्र आपल्या तात्यापाऱ्यातील जुन्या घरांच्या अंगणात, मोरीच्या पाण्यावर पोसलेल्या ठोंबाला आजीने दिलेले 'गवती चहा' हे नाव कोणतेही परिपत्रक पुसू शकणार नाही. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेला मनुष्य हे सांगतो आहे, तेव्हा त्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

आता मुख्य मुद्दा. आयुर्वेदात वनस्पतीचा गुण पाण्यात उतरवण्याच्या निरनिराळ्या रीती सांगितल्या आहेत आणि शार्ङ्गधरसंहितेत त्यांचे नीट विवेचन आहे. द्रव्य पाण्यात घालून, उकळून, आटवून काढावयाचा तो क्वाथ, म्हणजे आपला काढा. उकळते पाणी द्रव्यावर ओतून, काही वेळ ठेवून गाळावयाचा तो फांट. थंड पाण्यात रात्रभर भिजवून काढावयाचा तो हिम. साल, मूळ, सुंठ असल्या कठीण द्रव्यांना काढा हवा. फूल, पान अशा नाजूक द्रव्यांना फांट पुरतो. चहा हे पान आहे. म्हणजे न्यायाने तो फांट; आणि आपण घरोघर गेली शंभर वर्षे त्याचा काढा करीत आहोत!

याचा दोष सर्वस्वी आपल्याकडे जात नाही. १९३० च्या सुमारास आसामातील अमगुरी मळ्यावर विल्यम मॅककर्चर यांनी पान चिरडणारे, फाडणारे आणि वळणारे एक यंत्र सिद्ध केले. या पद्धतीला तिच्या तीन इंग्रजी क्रियापदांवरून 'सीटीसी' म्हणतात. आपल्या डब्यातील खसखशीपेक्षा थोडी मोठी, काळी, गोल दाणेदार चहापत्ती ती हीच, आणि देशातील चारपंचमांशाहून अधिक चहा आज याच रीतीने तयार होतो. पान पुरते फाटलेले असल्यामुळे रंग व कडकपणा झटकन उतरतात आणि थोड्या पत्तीत पुष्कळ कप होतात. दुधातील प्रथिने चहातील तुरट द्रव्यांना बांधून ठेवतात, म्हणून असा चहा दूध-साखर घालून उकळला तरी सोसतो. आले ठेचून घातलेला, दोन उकळ्या आलेला दुधाचा चहा ही एक स्वतंत्र पाककृती आहे, आणि पावसाळ्यात तिच्यासारखे दुसरे काही नाही. तक्रार एवढीच, की तीच कृती आपण दार्जिलिंगच्या अखंड पानावरही करतो. मग चांगला चहा आणला आणि पैसे फुकट गेले, असे म्हणतो.

व्यवसाय म्हणून चहा चाखणारी मंडळी काय करतात ते पाहिल्यास यातले बरेच उलगडेल. नोकरीनिमित्त काही वर्षे गुवाहाटीस वास्तव्य घडले. तेथील लिलाव केंद्र १९७० चे. कोलकात्याचे लिलाव तर १८६१ पासूनचे. लिलावापूर्वी प्रत्येक मालाची चव घेतली जाते. लांब टेबलावर पांढऱ्या चिनी मातीच्या झाकणाच्या किटल्या व वाडगे ओळीने मांडलेले असतात. यासाठी १९८० साली एक आंतरराष्ट्रीय मानकही ठरले : १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती, वर ताजे उकळते पाणी, बरोबर ६ मिनिटे. प्यावयाचा उत्तम चहा करण्याची ही कृती नव्हे. सर्व मालांना एकसारखी वागणूक मिळावी म्हणून आखलेला हा दंडक आहे. परीक्षक प्रथम कोरडी पत्ती हातावर घेऊन पाहतो, नंतर भिजलेले पान हुंगतो, मग चहाचा रंग पाहतो आणि शेवटी चमचाभर चहा मोठ्याने भुरका मारून तोंडात घेतो व थुंकून टाकतो. भुरक्याबरोबर हवा आत जाते, चहाचे तुषार होतात आणि सुवास घशाच्या मागून नाकात पोहोचतो. बशीत ओतून भुरके मारीत चहा पिणाऱ्या आपल्या आजोबांना इंग्रजी शाळेत शिकलेल्या नातवंडांनी फार हसू नये. गुवाहाटीचे पगारदार तज्ज्ञ तेच करतात.

हा प्रयोग घरी सहज होण्यासारखा आहे. सारख्या आकाराचे चार पांढरे कप घ्यावेत, आतून रंगीत नकोत. एकात आसामची दाणेदार पत्ती, दुसऱ्यात आसामचेच अखंड पान, तिसऱ्यात दार्जिलिंग, चौथ्यात निलगिरी. दूध नाही, साखर नाही. सीटीसीचा रंग विटेसारखा लालभडक उतरतो आणि जिभेच्या कडा आकसतात. त्याच आसामच्या अखंड पानात तो मारा नसतो. भाजलेल्या धान्यासारखा, किंचित काकवीसारखा एक भरीवपणा असतो. निलगिरी स्वच्छ, हलका, किंचित फुलांचा. लिंबू पिळावयाचे तर याच्यात. दार्जिलिंगची गोष्ट निराळी. मार्च-एप्रिलच्या पहिल्या तोडणीचा चहा फिकट सोनेरी असतो आणि त्यात कच्च्या हिरवेपणाची झाक असते. मे-जूनच्या दुसऱ्या तोडणीत पिकल्या द्राक्षासारखा वास येतो, आणि जाणकार मोल देतात ते त्यालाच. पहिली तोडणी अधिक श्रेष्ठ मानण्याचा प्रघात आहे खरा. माझी जीभ दुसरीच्या बाजूने आहे. दोन्हींवर पाण्याची उकळी बसल्यावर, मिनिटभर थांबून पाणी ओतावे आणि तीन मिनिटांत गाळावे.

दार्जिलिंगच्या नावाला २००४ मध्ये भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. भारतात तो मान मिळवणारा हा पहिला माल. तेथे मळे अवघे ८७. २०२४ साली देशात १२५ कोटी किलोंहून अधिक चहा झाला, त्यात दार्जिलिंगचा वाटा ६० लाख किलोदेखील नव्हता. म्हणजे शंभर किलोंत अर्धा किलोही नाही. तेव्हा आपल्या मालवीय रोडवर सुटा 'दार्जिलिंग' स्वस्तात मिळू लागला, तर पुडीवरील अक्षरांपेक्षा कपातील वासाला विचारावे. 'ऑरेंज पिको' या नावानेही पुष्कळजण फसतात. त्याचा संत्र्याशी काहीही संबंध नाही. ते पानाच्या प्रतवारीचे नाव आहे.

रायपूरच्या माणसाला यात एक अडचण अधिक आहे, ती पाण्याची. आपले शहर चुनखडीच्या थरांवर बसलेले आहे; आसपासचे सिमेंटचे कारखाने त्याच चुनखडीवर चालतात. त्यामुळे येथील बोअरचे पाणी जड. अशा पाण्यात चहा केला, की थोड्याच वेळात वर तपकिरी तवंग धरतो, रंग मळकट होतो आणि वास दबतो. पाण्यातील चुना व चहातील द्रव्ये यांच्या संयोगाने हे होते. एकाच पुडीतील पत्तीचे दोन कप, एक बोअरच्या पाण्याचा व एक खारून नदीच्या नळाच्या पाण्याचा, शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. दुधाच्या उकळलेल्या चहात हा फरक लपतो, दार्जिलिंगमध्ये लपत नाही. पाणी आधी चांगले उकळून, निवू देऊन, खाली बसलेला चुना टाकून मग वापरल्यास बराच गुण येतो.

आता काढ्यांकडे वळतो. गवती चहा, तुळस, पुदिना यांचा वास उडून जाणारा. त्यांना फांटाचीच रीत, आणि भांड्यावर झाकण हवेच. सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध यांना उकळी हवी. सगळे एकत्र टाकून अर्धा तास रटरटवले, की सुंठेचा जाळ उरतो आणि तुळस नावापुरती राहते. छत्तीसगडी घरांतील बाळंतिणीचे 'कांके पानी' ज्यांनी चाखले असेल, त्यांना मुळ्या आणि गूळ यांचे एकजीव होणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. शेजारच्या घरी छठीला गेल्यावर ते आग्रहाने हातात येते.

पण 'वनस्पती आहे, अपाय काय होणार' ही समजूत घातक आहे. २०२० च्या साथीत आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ व मनुका यांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा घेण्यास सुचविले होते. आपण त्यात मनाने भर घातली आणि दिवसभर प्यायलो. ज्येष्ठमध अधिक प्रमाणात व दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते; या सभागृहात रक्तदाबाची गोळी घेणारे किती असतील, हे मी हात वर करावयास सांगून पाहत नाही. चहाबाबतही एक गोष्ट भगिनींसाठी मुद्दाम सांगतो. चहातील तुरट द्रव्ये डाळ-भाजीतील लोह अंगी लागू देत नाहीत. पंगत उठली की लगेच चहा, ही आपली रीत रक्त कमी असलेल्या स्त्रीला परवडणारी नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर असावे.

मघाच्या 'हातच्या' चहाकडे येतो. आसामचा चहा आपण परक्या प्रांताचा समजतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत छत्तीसगड होरपळून निघाले. त्या काळात रायपूर-बिलासपूरकडील हजारो माणसे मजूर भरती करणाऱ्या आरकाट्यांमार्फत आसामच्या मळ्यांवर गेली. करार मोडून निघून जाणाऱ्या मजुराला शिक्षा करता येईल, असे कायदे तेव्हा होते. ती माणसे, त्यांची नातवंडे-पतवंडे तेथेच राहिली. गुवाहाटीस असताना मळ्यांच्या भागात जाणे होई, तेव्हा एका वृद्धेच्या तोंडून 'कहाँ ले आय हस, बाबू?' असे अस्सल छत्तीसगडी शब्द ऐकले. रायपूर म्हटल्यावर तिने ते गाव आजीच्या गोष्टीतले असल्याचे सांगितले. छत्तीसगडच्या पहिल्या महिला खासदार मिनीमाता यांचा जन्मही १९१३ साली आसामातच झाला. त्यांचे कुटुंब दुष्काळातच बिलासपूरकडून तिकडे गेले होते. हसदेव नदीवरील बांगो धरणाला त्यांचे नाव आहे. पुण्याच्या सभेत चहा कोणी वाढला याची चौकशी झाली. पान कोणी खुडले, हे कोणी विचारले नाही. आपण मराठी माणसे या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, येथले अन्न खाल्ले. तेव्हा हा प्रश्न आपण तरी विचारावा.

आता तर खुद्द छत्तीसगडात चहा पिकतो. छोटानागपूरच्या पठारावर रांचीकडे इंग्रजी अमदानीत मळे होतेच; त्याला लागून असलेल्या आपल्या जशपूर जिल्ह्यात सोगड्याच्या आश्रमाने चहाची लागवड केली आणि सारूडीह येथे वनविभागाच्या पुढाकाराने मळा उभा राहिला. तेथे तोडणीपासून पुढची कामे गावातील स्त्रिया बचत गटांमार्फत करतात. पान खुडण्यासाठी त्यांना आता ब्रह्मपुत्रेच्या काठी जावे लागत नाही. या चहाची दार्जिलिंगशी तुलना करू नये. तो थोडा उग्र आहे, शेवटी किंचित कडवट लागतो आणि पाणी फार गरम असले तर रुसतो. पण निवत आलेल्या पाण्यात दोन-अडीच मिनिटे ठेवला, तर त्याला पहिल्या पावसानंतरच्या ओल्या पाल्याचा वास येतो, आणि तो मला इतर कोणत्याही चहात आढळलेला नाही.

त्याची एक पिशवी मी मंडळाच्या स्वयंपाकघरात ठेवली आहे. आधणात टाकू नये, एवढे आचाऱ्यांना दोनदा बजावले आहे.