गाडीचे गाऱ्हाणे

मंडळी, सावदा-रावेरची केळी भरून निघालेला ट्रक धुळ्याच्या अलीकडे, पारोळ्याजवळ रात्री अडला तर मालाचे काय होते, हे तुम्हां खानदेशकरांना मी काय सांगावे! पूर्वी मिस्त्री नुसत्या आवाजावरून दुखणे ओळखी. एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत मात्र इंजिनाचा कारभार संगणक पाहतो, आणि त्याचे गाऱ्हाणे ऐकायला स्कॅनर लागतो.

आधी हँडब्रेक ओढावा, चाकाला दगड लावावा. सोळा पिनांचे सॉकेट बहुधा स्टिअरिंगखाली सापडते. चावी बंद असतानाच स्कॅनर जोडावा, मग चावी फिरवावी.

समजा, पडद्यावर ‘पी ०३३५’ उमटले. लगेच नवा सेन्सर आणायला धावू नये. क्रँकशाफ्टच्या सेन्सरकडून संदेश नीट येत नाही, एवढेच संगणक सांगतो. सेन्सर गेला असेल, उंदराने वायर कुरतडली असेल, नाहीतर कनेक्टरात पाणी शिरले असेल. अंग तापले म्हणजे हिवतापच, असे थोडेच असते? कोड वहीत उतरवल्यावाचून पुसू नये. पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे काही जाणत्या मिस्त्र्यांनाही पटवावे लागते.

‘पी ००८७’ दिसला तर अधिक जपा. रेलमधला डिझेलचा दाब कमी पडतोय, कदाचित कुठे गळतेय. पण कमी म्हटला तरी तो दाब भयंकरच! इंजिन जोरात असता तो हजार बारच्या वर जातो, म्हणजे ट्रकच्या टायरातल्या हवेच्या शंभरपट. चालू इंजिनाची नळी सैल करू नये, गळती बोटाने चाचपू नये. ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली, दुखत नसली, तरी तडक मोठे रुग्णालय गाठावे.