मृगाआधी घराची आणि अंगणाची डागडुजी

नांगरट, वखरणी उरकत आली की आपण बियाणे, खते आणि पीककर्जाच्या मागे लागतो. ते योग्यच आहे. पण ते बियाणे ज्या घरात ठेवायचे, ज्या भिंतीला लागून पोत्यांची थप्पी लावायची आणि जिच्या आडोशाला लेकरे झोपवायची, तिच्याकडे पहिली सर येईपर्यंत कोणी बघत नाही. मृग ७-८ जूनला लागतो. त्याआधीचे तीन-चार दिवस घरासाठी राखून ठेवावेत, एवढे सांगण्यासाठी आजचे हे बोलणे आहे. आता तुम्ही म्हणाल, कृषी खात्याच्या माणसाला घराचे काय? पण बांधबंदिस्ती करताना आपण जो विचार करतो, तोच इथे लागू पडतो. पाणी कुठून येते, कुठे थांबते आणि कुठे जाते, हे आधी बघायचे. कुदळ-थापी नंतर हातात घ्यायची.

एक हिशेब करून बघा. २० फूट रुंद आणि ३० फूट लांब छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे २,८०० लिटर पाणी खाली येते. म्हणजे २०० लिटरची १४ पिंपे! दोन पाखी छप्पर असेल तर प्रत्येक बाजूला सात पिंपे पाणी वळचणीखाली, भिंतीच्या पायाशी ओतले जाते. गळणाऱ्या कौलाखाली आपण पातेले ठेवतो, त्यात फार तर दोन-चार लिटर जमते. चर्चा मात्र त्या पातेल्याची होते. मातीची किंवा दगड-मातीची भिंत पडते ती बहुधा पायथा भिजून मऊ झाल्यामुळे. आणि ती पुष्कळदा भर पावसात न पडता झड थांबल्यावर, सगळे निर्धास्त झाल्यावर बसते.

म्हणून पहिले काम अंगणाचा उतार. नुसत्या डोळ्याने उतार कळत नाही. गवंडी वापरतात तशी १५-२० फूट पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घ्या. तिच्यात पाणी भरा आणि मधे हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. एकाने एक टोक भिंतीजवळ उभे धरावे, दुसऱ्याने दुसरे टोक १० फुटांवर. दोन्हीकडचे पाणी आपोआप एका पातळीत येते. आता दोन्ही ठिकाणी पाण्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपाने मोजा. बाहेरच्या बाजूचे अंतर निदान तीन इंचांनी जास्त भरले पाहिजे. कमी भरले तर पाणी साचणार. उलटे निघाले तर तुमचे अंगण घराला पाणी पाजते आहे असे समजा.

उतार नसेल तर भिंतीजवळ मुरूम टाकून, थोडे पाणी शिंपडून, धुम्मसाने चोपून घ्यावा. भराव जोत्याच्या वर चढू देऊ नये. ही भर काळ्या मातीची कधीही करू नका. काळी माती उन्हात भेगाळते, पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट पायात जाते, आणि मग ती फुगते ते वेगळेच. पागोळ्या जिथे पडतात तिथे वीतभर रुंदीची खडीची किंवा फुटक्या कौलांची पट्टी अंथरा. त्यामुळे चिखल उडून भिंतीवर बसत नाही. त्या पट्टीच्या बाहेर उथळ चर काढून तो परसातून खाली शेताकडे काढून द्या. शेजाऱ्याच्या दारात नव्हे. पावसाळ्यातली निम्मी भांडणे याच चरावरून होतात.

चर काढतानाच जोत्याभोवती एक फेरी मारा आणि घुशींची बिळे शोधा. घूस पायाखालची माती उकरून बाहेर ढीग लावते, तो ढीग आपण झाडून टाकतो आणि विसरतो. बिळाचे दुसरे तोंडही सापडले पाहिजे. बारीक दगड, काचेचे तुकडे आणि सिमेंट-मुरुमाचा गारा आतपर्यंत ठासून दोन्ही तोंडे बंद करा. काच हाताने भरू नका, पहारीने ढकला. पहार सहज दोन-तीन हात आत जात असेल, तर मात्र पाय पोकळ झाला आहे. तिथे गवंड्यालाच बोलवावे.

आता भिंत. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की घर पक्के झाले, अशी समजूत गावोगाव आहे. मला ती पटत नाही. सिमेंट मातीला नीट धरत नाही. वर्षा-दोन वर्षांत बारीक तडे जातात, तड्यातून पाणी आत शिरते आणि बाहेरचे कवच गुळगुळीत असल्यामुळे ते लवकर सुकत नाही. वरून भिंत छान दिसते आणि आत चिखल झालेला असतो. त्यापेक्षा चाळलेली माती, भुसा आणि शेण भिजवून सात-आठ दिवस कुजू द्यावे, रोज एकदा पायाने तुडवावे आणि त्याचा गिलावा द्यावा. जुन्या भिंतीवर आधी पाणी शिंपडल्याशिवाय नवा थर धरत नाही. वाळल्यावर चुन्याचा हात. एक किलो कळीच्या चुन्याला सुमारे पाच लिटर पाणी, रात्रभर ठेवून फडक्याने गाळून घ्यावे. चुना विरताना उकळतो आणि उडतो. त्या वेळी मुलांना जवळ येऊ देऊ नये, डोळ्यांत थेंब गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुवून दवाखाना गाठावा.

भिंतीला तडा असेल तर तो वाढतो आहे की जुना आहे, हे ओळखायला सोपी युक्ती आहे. तड्यावर आडवी कागदाची पट्टी खळीने चिकटवा, तीवर तारीख लिहा. आठ-पंधरा दिवसांत पट्टी फाटली तर तडा जिवंत आहे. आणि भिंतीला पोट आले असेल, म्हणजे ओळंबा सोडल्यावर मधला भाग बाहेर आलेला दिसत असेल, तर लिंपालिंपी करत बसू नका. त्या भिंतीजवळची अंथरुणे त्याच दिवशी हलवा, तिच्या कडेला बैल-म्हशी बांधू नका आणि जाणत्या गवंड्याकडून टेकू देऊन घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जागा बदलायला सांगणे अवघड जाते, ते मला माहीत आहे. तरीही सांगा.

मराठवाड्यातल्या आणि सोलापूरकडच्या श्रोत्यांसाठी माळवदाविषयी, म्हणजे धाब्याविषयी, थोडे जास्त बोलतो. माळवद उन्हाळ्यात थंड असते यात शंका नाही. पण गळू लागले की वर पांढरी माती टाकायची, पुन्हा गळले की पुन्हा टाकायची, असे वर्षानुवर्षे चालते. १५ बाय २० फुटांच्या खोलीवर एक इंच मातीचा थर म्हणजे ११-१२ क्विंटल वजन, तेही कोरडे. भिजल्यावर त्याहून जास्त. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि धाराशिव (त्या वेळचे उस्मानाबाद) जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचा मातीचा भार यांनी त्या रात्री घात केला. तेव्हा यंदा नवी माती चढवण्याआधी जुनी उतरवा. एका बाजूची सगळी न काढता, दोन्ही बाजूंनी थोडी थोडी काढत मधे या आणि काढलेली माती माळवदावरच एका जागी ढीग करून ठेवू नका. खाली तुळई किंवा किलचे कुजले आहेत का, ते सुरीचे टोक रोवून बघा. मऊ लागले तर वर चढण्याचेच थांबवा. शेततळ्याचा उरलेला जाड कागद असेल तर तो सलग अंथरून त्यावर तीन-चार इंच माती पन्हळीकडे उतार देऊन चोपावी. पन्हळ भिंतीच्या बाहेर निदान दीड फूट आलेली हवी, नाहीतर सगळे पाणी भिंतीवरूनच उतरते. माळवदावर उगवलेले पिंपळाचे रोप बोटाएवढे असतानाच मुळासकट काढावे.

कौलांचे काम त्यामानाने हलके. गळती जिथे दिसते तिथले कौल बदलून भागत नाही. पाणी रिपेवरून, वाशावरून घरंगळत येऊन खाली दुसरीकडे टपकते. गळण्याच्या जागेपासून वर आढ्याकडे शोधत जा, बहुतेक वेळा सरकलेले कौल किंवा उखडलेला कोना सापडतो. कोकणात झडीच्या बाजूला झापे बांधायची जुनी रीत आहे, ती सोडू नये. पत्र्याला खिळा किंवा हूक मारायचा तो नळीच्या उंच भागावर, खोलगट भागात कधीच नाही, आणि खाली रबरी वायसर हवाच. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर पाय देऊ नका, तो अचानक फुटतो. त्याला भोके पाडणे, घासणे हेही टाळा, त्यातल्या ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक असते. शिडी लावताना चार फूट उंचीला एक फूट या हिशेबाने पाय बाहेर ठेवा आणि खाली एक माणूस धरायला हवाच.

पत्र्याच्या घरात आणखी एक धोका असतो, विजेचा. कपडे वाळत घालण्यासाठी आपण लोखंडी तार बांधतो. तिचे एक टोक पत्र्याच्या अँगलला, दुसरे खांबाला. विजेच्या वायरचे आवरण कुठेतरी सोललेले असते, पावसात पत्र्यात वीज उतरते, तिथून तारेत येते आणि ओला कपडा टाकायला गेलेली बाई तिला चिकटते. सोडवायला धावणाराही सापडतो. दर पावसाळ्यात अशा बातम्या येतात. तार आजच काढा आणि नायलॉनची दोरी बांधा. घरात येणारी वायर पत्र्याला घासत असेल तर वायरमनला सांगून वर उचलून घ्या, स्वतः हात लावू नका. मीटरजवळ ३० मिलिॲम्पिअरचे आरसीसीबी बसवून घ्यावे. त्याचा खर्च एका वासराच्या औषधपाण्याएवढाही नाही. महिन्यातून एकदा त्याचे टेस्टचे बटण दाबून ते पडते का ते बघावे. अर्थिंगही एकदा तपासून घ्या. कोणी चिकटलेच तर आधी मेन स्विच बंद, मग माणसाला हात.

मोरीचे पाणी भिंतीकडेला सोडून तिथे अळू किंवा केळ लावलेली असते. केळ चांगली, जागा वाईट. ती पाच-सहा हात दूर न्या किंवा शोषखड्डा करा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने उघडी गटारे बुजवून घरोघरी शोषखड्डे केले आणि डासांना जागाच ठेवली नाही. मुरमाड जमिनीत तो उत्तम चालतो. काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही, तिथे परसबागच बरी. विहिरीपासून मात्र ५० फुटांच्या आत खड्डा नको.

सरपणाचा ढीग, पऱ्हाट्या, जुन्या विटा भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून वीतभर उंच, दगडांवर रचा. वाळवीही थांबते आणि साप-विंचवाची जागाही जाते. ढीग हलवताना पायात बूट आणि हातात काठी असू द्या.

एवढे झाल्यावर पहिल्या मोठ्या सरीला इरले किंवा छत्री घेऊन बाहेर या आणि घराभोवती एक चक्कर मारा. जिथे पाणी थांबलेले दिसेल तिथे खुंटी ठोकून ठेवा. पाऊस उघडला की त्या खुंट्यांपासून कुदळीने चर काढून द्यायचा. त्या वेळी माती मऊ असते, तासाभराचे काम.