कायदा संसदेत, नियम कचेरीत



कायदे संसद करते, हे आपण शाळेत शिकतो. पण त्या कायद्यांखालचे नियम सरकारी खाती करतात, हे आपल्याला फारसे कोणी सांगत नाही. मूळ कायदा सरकारला नियम करण्याचा अधिकार देतो. खाते मसुदा तयार करते, विधी खाते तो तपासते आणि राजपत्रात प्रसिद्ध झाल्यावर तो लागू होतो. संसदेपुढे तो बहुधा नंतर ठेवला जातो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १३ नुसार असा नियमही 'कायदा'च आहे.

आपल्या जिव्हाळ्याचे उदाहरण घेऊ. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ साली झाला आणि ३० जानेवारी १९९० पासून अंमलात आला. त्याचे नियम मात्र ३१ मार्च १९९५ रोजी आले. पोलीस उपअधीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने तपास करू नये, पीडिताला किती व केव्हा आर्थिक मदत द्यावी, जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी, हे सारे नियमांत आहे; मूळ कायद्यात नाही. म्हणजे पाच वर्षे कायदा होता, पण पीडिताने बोट ठेवून 'हे मला द्या' असे म्हणावे, असा नियम नव्हता. या विलंबाबद्दल फारसा गाजावाजा झाला नाही, कारण नियमांकडे आपलेही लक्ष नव्हते.

मसुद्यावर जनतेच्या हरकती व सूचना मागविण्याची पद्धत आहे. परंतु १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमानुसार, मूळ कायद्याने पूर्वप्रसिद्धीची अट घातली असेल तरच ते बंधनकारक ठरते. केंद्राने २०१४ साली मसुदे किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवण्याचे धोरण स्वीकारले. मात्र धोरण म्हणजे कायदा नव्हे. ते पाळले नाही तर दाद मागणे कठीण.

म्हणून आमच्या मते चार सुधारणा आवश्यक आहेत. विधेयकाबरोबरच नियमांचा मसुदा तयार व्हावा व नियम करण्यास मुदत असावी. पूर्वप्रसिद्धी सक्तीची करावी. मसुदा मराठीत, सोप्या भाषेत, ग्रामपंचायतीच्या फलकापर्यंत पोहोचावा. आणि आलेल्या सूचना का स्वीकारल्या वा का नाकारल्या, याची कारणे खात्याने प्रसिद्ध करावीत.

हे होईपर्यंत आपणही स्वस्थ बसू नये. मोर्चा काढणे आपल्याला ठाऊक आहे. आता हरकत लिहिणेही शिकले पाहिजे. 'अन्याय झाला' एवढे लिहून भागत नाही. कोणत्या नियमातील कोणता शब्द बदलावा आणि त्याऐवजी कोणता घालावा, हे लिहावे लागते. विद्यार्थ्यांनी विहारातील वाचनालयात राजपत्राचे वाचन सुरू करावे, मुदतीच्या आत सूचना पाठवाव्यात आणि त्यांची पोच जपून ठेवावी. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने निर्णयाची कारणे विचारण्याचा मार्गही खुला केला आहे.

ज्यांच्यासाठी नियम होतो, त्यांचा शब्द त्या नियमात असला पाहिजे.