पोरांना विचारून बघा

मंडळी, आज घरी गेलात की एक करा. कागदावर माणसाच्या अंगाचा नुसता आकार काढा. तो मुलापुढे ठेवा आणि म्हणा, "बाळ, अंगाच्या आत काय काय असतं, ते काढ बघू." मग गप्प बसा. शिकवू नका, हसू तर मुळीच नका.

लहान पोर बहुधा पोटाची मोठी पिशवी काढील. तिच्यात भाकरी आणि पाणी. हाडं काढील ती सुटी सुटी, काटक्या टाकाव्या तशी. काळीज म्हणजे पत्त्यांतला बदाम! खरं काळीज असतं ज्याच्या त्याच्या मुठीएवढं, दोन फुप्फुसांच्या मधे, जरा डावीकडे.

पोराची यात चूक नाही. त्याला ठाऊक असतं ते आत गेलेलं आणि बाहेर आलेलं. खरचटलं की रक्त दिसतं, म्हणून रक्त ठाऊक. मधलं त्यानं कुठं पाहावं? अमेरिकेत एलिझाबेथ गेलर्ट या बाईंनी इस्पितळातल्या मुलांना हेच विचारलं होतं. त्यांचा अभ्यास १९६२ साली छापून आला.

थोरली मुलं नावं घडाघडा सांगतात. पण नाव सांगितलं म्हणजे कळलं, असं नाही. त्यांना विचारा, "खाल्लेली भाकरी कुठून कुठं जाते?" पोटाशीच थांबली, तर वाट अर्धीच माहीत आहे. जठरातून अन्न लहान आतड्यात उतरतं. मोठ्या माणसाचं हे आतडं सुमारे २० फूट लांब, वेटोळी घालून बसलेलं. तिथं अन्नाचा रस रक्तात मिसळतो आणि रक्त तो साऱ्या अंगाला पोचवतं. चोथा मोठ्या आतड्यातून बाहेर पडतो.

आता आपलंही बघा. पोरानं चिंचोका गिळला की आपण म्हणतो, "आता पोटात झाड उगवणार!" आपली थट्टा होते, पोर रात्रभर पोट चाचपत राहतं. झाडबीड काही नाही. चिंचोका बहुधा शौचावाटे निघून जातो.

असं भेदरलेलं पोर उद्या घड्याळाचा गोल सेल गिळून बसलं, तर आईला सांगेल का हो? तो सेल अन्ननळीत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो. तेव्हा उलटी करवू नये, केळी चारत बसू नये, तडक मोठा दवाखाना गाठावा. पोर बोललं तरच हे होणार.

तो कागद जपून ठेवा. सहा महिन्यांनी दुसरा द्या, आणि दोन्ही चित्रं शेजारी मांडून पोरालाच विचारा, काय बदललं ते.