अंगठ्यानं मिसळलेला रंग



आपल्या प्रत्येक बचत गटाकडे वह्या असतात. इतिवृत्ताची वही, बचतीची वही, कर्जाची वही. त्यात पै-पैचा हिशोब असतो. पण पहिलं कर्ज कोणी शेळीसाठी घेतलं, २०१८ च्या दुष्काळात टँकरची वाट बघत बैठक कुठे भरली, हे त्यात सापडत नाही. म्हणून आमच्या गटानं एक आठवणवही सुरू केली. शहरात तिला स्क्रॅपबुक म्हणतात. जाड कागदाची वही, तिच्यात फोटो, जुन्या पावत्या, साडीच्या काठाचा तुकडा, आणि भोवती रंग. आज मी त्या रंगांविषयी बोलणार आहे.

आम्ही वापरतो ते तेलखडू. दुकानात ऑइल पेस्टल म्हणून मागा. बारा रंगांची साधी पेटी शंभर रुपयांच्या आत मिळते. मुलांचे मेणखडू वेगळे. त्यात कडक मेण जास्त असतं, त्यामुळे ते बोटानं पसरत नाहीत. तेलखडूत रंगाची पूड, थोडं मेण आणि न वाळणारं तेल असतं. म्हणून तो कागदावर लोण्यासारखा फिरतो आणि एका रंगात दुसरा मिसळतो. १९२५ साली जपानमधल्या साकुरा कंपनीनं असे खडू बाजारात आणले ते शाळेतल्या मुलांसाठी. तेव्हा ‘आम्हाला चित्रकला कुठे येते’ असं म्हणून कोणी मागे सरू नका.

आता करून बघायच्या चार गोष्टी सांगते.

पहिली, रंग मिसळणं. फिका रंग आधी, गडद नंतर. पिवळा लावा, त्याला लागून तांबडा लावा आणि जिथे दोन्ही भेटतात तिथे बोट गोल फिरवा. मधे नारिंगी तयार होतो. दर वेळी बोट फडक्याला पुसा, नाहीतर सगळं मातकट होतं. रंग पसरावा म्हणून घरातलं गोडेतेल लावू नका. त्याचा डाग कागदात पसरत जातो आणि पुढे खवट वास येतो. बोटाची ऊब पुरते.

दुसरी, कडेची नक्षी. छाप्याची रांगोळी आपण सगळ्या काढतो, तसंच. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यात पान किंवा कोयरी कापा. भोकाच्या काठावर, पुठ्ठ्यावरच खडू घासा. मग पुठ्ठा वहीवर घट्ट धरून रंग बोटानं आत ओढा. पुठ्ठा उचलला की मऊ कडेची कोयरी उमटते.

तिसरी, पाण्याची गंमत. पांढऱ्या किंवा पिवळ्या खडूनं दाबून रेघा काढा. वरून पाण्यात कालवलेला निळा रंग फिरवा. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, तसं ते तेलकट रेघेवर ठरत नाही. रेघा उजळ राहतात. पाऊस आणि विहीर दाखवायला हे फार छान.

चौथी, कोरणं. खाली भडक रंग भरा, वर काळा खडू जाड लावा आणि टोकदार काडीनं कोरा. खालचे रंग बाहेर येतात. वारलीसारखी माणसं अशी झकास दिसतात.

बाजारात पाण्यात मिसळणारे रंगखडूही आले आहेत. लावताना मऊ, ओला ब्रश फिरवला की जलरंगासारखे पसरतात. पण ते महाग असतात, पातळ कागद त्यांनी फुगतो, आणि काहींचा रंग सुकल्यावरही ओल लागली की पुन्हा सुटतो. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या घरात वही राहणार असेल, तर आधी एका सुट्या कागदावर पारख करा.

आता काळजीचं. तेलखडू पूर्ण वाळत नाही, हे मनात पक्कं धरा. त्यावर डिंक धरत नाही आणि बॉलपेनही चालत नाही. म्हणून आधी फोटोची जागा कोरी ठेवून फोटो चिकटवा, मजकूर लिहा, आणि रंग शेवटी भरा. रंग आणि फोटो यांच्यात दोन बोटं अंतर ठेवा. दोन पानांमध्ये बटर पेपर घाला. वही पत्र्याच्या छपराखाली तापेल अशा जागी किंवा चुलीजवळ ठेवू नका. आणि मूळ फोटो कधीही चिकटवू नका. त्याची प्रत काढून ती लावा, मूळ फोटो कागदी पाकिटात सुटा ठेवा. कित्येक घरांत आईचा किंवा सासूचा एकच फोटो असतो. तो गेला की गेला.

हे सगळं कशासाठी, असं काही जणी विचारतात. आमच्या गटातल्या एका मावशींचं सांगते. इतिवृत्ताच्या वहीत त्या अंगठा देतात. आठवणवही आली तेव्हा लिहिणाऱ्या पोरी पुढे आणि अंगठेवाल्या भिंतीला टेकून, असं चित्र झालं. म्हणजे वही गटाची, पण आठवणी चार जणींच्याच. मग ठरवलं की एक पान रंगांचंच, त्यात एकही अक्षर नाही. मावशींनी तपकिरी आणि पिवळा घेतला आणि अंगठ्यानं ओढत ओढत भेगाळलेलं रान केलं. कडेला घागरींची रांग, एकेक घागर म्हणजे एकेक अंगठा. शेवटची घागर त्यांनी आडवी काढली. कोणीतरी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “त्या दिवशी माझा नंबर आला आणि टँकर रिकामा झाला.” इतकी वर्षं आम्ही एकत्र बैठकीला बसतो, पण हे आम्हाला माहीत नव्हतं. ‘अंगठाबहाद्दर’ हा शब्द आपण टोमण्यासाठी वापरतो. त्या दिवसापासून आमच्या गटात तो कोणी वापरत नाही.

तर पुढच्या बैठकीला एक पेटी, जाड कार्डशीट, जुनं फडकं आणि हात धुवायला साबण एवढं आणा. बचत गोळा झाली, हिशोब वाचून झाला की अर्धा तास ठेवा. पहिला खडू अशा बाईच्या हातात द्या, जी बैठकीत सगळ्यात कमी बोलते. तिचं पान झालं की घाई न करता विचारा, हे काय काढलंय. आणि ती सांगेल ते नीट ऐका.