मॅट धुतली, पण परत बसवली कशी?

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. गाडीतल्या मॅट. हो, त्याच, पायाखालच्या. पण शेवटपर्यंत ऐका, कारण यात माझी स्वतःची एक चूक आहे आणि ती आठवली की अजून पोटात गोळा येतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, गाव सोनगीर. धुळ्याहून मुंबई-आग्रा हायवेने शिरपूरकडे निघालात की साधारण वीस किलोमीटरवर आमचा किल्ला दिसतो, तेच गाव. मागच्या पावसाळ्यात सुटीला घरी गेलो होतो. पप्पांची गाडी रोज शेतात जाते. आणि आमच्या खान्देशातली काळी माती! ओली झाली की चपलेला असा थर धरते की माणूस दोन इंच उंच होतो. तो सगळा थर गाडीत आलेला.

मी कंपनीच्या कार्पेट मॅट काढल्या, धुतल्या, वाळवल्या, जागेवर ठेवल्या. त्या पुन्हा खराब होऊ नयेत म्हणून वरून ऑनलाइन मागवलेली रबरी मॅट टाकली. ‘सगळ्या गाड्यांना बसते’ असं लिहिलं होतं. आई खूश, पप्पा खूश, मी तर जास्तच.

दुसऱ्या दिवशी पप्पांना घेऊन धुळ्याला निघालो. हायवेवर एका ट्रकला ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. ट्रक मागे पडला, मी पाय उचलला, पण गाडी पळतच राहिली. एक-दोन सेकंद डोकं सुन्न. मग क्लच दाबला, तसं इंजिन जोरात ओरडायला लागलं. ब्रेक दाबून धरला, गाडी न्यूट्रल केली, कडेला घेतली, बंद केली. पप्पा म्हणाले, “काय व्हयनं रे?”

खाली बघितलं. वरची रबरी मॅट पुढे सरकून तिची कड ॲक्सिलरेटरच्या पॅडलवर अडकली होती. पप्पांनी काही न बोलता ती काढली आणि डिकीत फेकली. मला मात्र एकच विचार येत होता. मी पुण्याला गेल्यावर हीच गाडी पप्पा चालवणार होते.

नंतर वाचलं, तेव्हा कळलं की हे फक्त माझ्याच बाबतीत झालेलं नाही. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोजवळ एका लेक्सस गाडीला अपघात होऊन एकाच कुटुंबातले चार जण गेले. गाडीत दुसऱ्याच मॉडेलची मॅट होती, नीट अडकवलेली नव्हती, आणि तिच्यात ॲक्सिलरेटर अडकला. त्यानंतर टोयोटाने मॅटच्या या धोक्यासाठी सुमारे ३८ लाख गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. एवढ्याशा मॅटसाठी!

तर आता धुण्याचं बघू. काळी माती ओली असताना घासू नका. ती बारीक चिकणमाती असते, पाणी पिऊन फुगते आणि घासली की कार्पेटच्या धाग्यांत आणखी आत जाते. पूर्ण वाळू द्या. वाळली की ती आकसते, तडकते. मग मॅट उलटी करून झटका, कोरडा ब्रश मारा. निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं.

रबरी मॅटला बादलीभर पाणी, थोडा कार शॅम्पू आणि कपड्यांचा ब्रश पुरे. कार्पेटला पाणी कमी, फेस जास्त. धुतल्यावर पिळू नका, दाबून पाणी काढा, नाहीतर मागचं रबर तडकतं. वाळवायचं सावलीत, टांगून. आमच्याकडच्या कडक उन्हात रबराच्या कडा वर वळतात, आणि वळलेली कड पॅडलखाली किंवा पॅडलवर जायला वेळ लागत नाही. मॅट बाहेर असताना गाडीचा तळही हाताने दाबून बघा. ओला लागला तर दारं उघडी ठेवून वाळवा. ओल राहिली की आधी वास, मग बुरशी, शेवटी पत्र्याला गंज.

आणि मॅटला टायरचं पॉलिश लावू नका. आमचं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. भांडं चकाकलं पाहिजे. मॅट चकाकली तर पाय घसरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, परत बसवणं. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड बरोबर होता, डिप्लॉयमेंट चुकलं. ड्रायव्हरच्या बाजूला एकच मॅट, मॅटवर मॅट नाही. आपल्याच मॉडेलची. खाली हुक किंवा क्लिप असते, त्यात अडकवायची. मग गाडी बंद ठेवून तिन्ही पॅडल तळापर्यंत दाबून सोडा. कुठे मॅटला लागतं का, पॅडल पूर्ण वर येतं का, बघा. टाचेने मॅट पुढे ढकला. सरकली, तर ती मॅट तिथे नकोच. गाडी वॉशिंगला दिली असेल, तर परत घेतानाही हेच करा.

आणि चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर अडकलाच तर वाकून मॅट ओढू नका. ब्रेक जोरात दाबून धरा, सारखा दाबू-सोडू नका. क्लच असेल तर दाबा, गाडी न्यूट्रल करा. इंजिन ओरडेल, ओरडू दे. कडेला थांबा आणि मगच बंद करा. गाडी पळत असताना चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

आज घरी गेल्यावर एक काम करा. आई-बाबांच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखाली किती मॅट आहेत, ते मोजा. दोन निघाल्या तर वरची लगेच काढा. दोन मिनिटांचं काम आहे.

भेटू पुढच्या भागात. गाडी सावकाश चालवा.